वाड्यातले भूत आणि सातबाऱ्यावरची नावे

भुताखेतांच्या दूरचित्रवाणी मालिकेविषयी वृत्तपत्राच्या या पानावर लिहावे, ही कल्पना पुष्कळांना रुचणार नाही. त्यातून लिहिणारा अर्थशास्त्राचा अध्यापक असला, की त्याने अंदाजपत्रक, महागाई, फार तर हापूसचा भाव एवढ्यापुरतेच बोलावे अशी अपेक्षा असते. तरीही प्रस्तुत लेखक 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा चाहता आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. तिचे दुसरे पर्व २०१९ मध्ये आणि तिसरे २०२१ मध्ये आले. रात्री साडेदहाला ती लागे आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात, कारकुनांच्या टेबलापाशी आणि विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आदल्या रात्रीच्या भागाची चिकित्सा चाले. 'आम्ही असले काही पाहत नाही' असे म्हणणारे सहकारी त्या चर्चेतील तपशील अचूक दुरुस्त करीत, हेही नमूद करावयास हवे.

चाहता होण्याची कारणे पुष्कळ होती. मालिकेचे चित्रीकरण झाले ते आकेरीच्या एका जुन्या वाड्यात. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु १ मे १९८१ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमच्या रत्नागिरीचेच होते, म्हणून ही आपुलकी थोडी जुनी आहे. पडवी, माजघर, मागीलदार, विहीर आणि संध्याकाळ झाली की घराभोवती दाटून येणारा झाडांचा काळोख, हे सारे खरे होते, पुठ्ठ्याचे नव्हते. भाषाही खरी होती. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० मध्ये मालवणी बोलीला मुंबईच्या रंगभूमीवर मानाने नेले, पण तेथे ती मुख्यतः हसविण्यासाठी आली होती. या मालिकेत ती भिण्यासाठी, भांडण्यासाठी आणि मन मारून गप्प बसण्यासाठीही वापरली गेली. विदर्भ-मराठवाड्यातील प्रेक्षकांनी ती समजून घेतली, ही गोष्ट लहान नाही. आणि पांडू! प्रल्हाद कुडतरकर यांनी मालिकेच्या लेखनात भाग घेतला आणि हा विसरभोळा गडीही स्वतःच उभा केला. एखाद्या घराचे सगळे ठाऊक असलेला आणि ऐन वेळी काहीच न आठवणारा असा माणूस कोकणातील प्रत्येक मोठ्या घरात एक तरी असतो.

मालिका सुरू होते न होते तोच सिंधुदुर्गातून तिच्याविरुद्ध तक्रारीचा सूर उमटला. ती अंधश्रद्धा पसरविते आणि कोकणची बदनामी करते, असे दोन आक्षेप होते. पहिला आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात होऊ शकला. त्याला तीन वर्षेही झाली नसताना घरोघरी करणीचा आणि उताऱ्याचा खेळ दाखविला जात असेल, तर विवेकी माणसाने अस्वस्थ व्हावे हे योग्यच आहे. दुसरा आक्षेप मात्र मला कधीच पटला नाही. भूत हे कोकणात बाहेरून आणून सोडलेले नाही. गावाला राखणदार असतो, देवाला गाऱ्हाणे घालतात, दशावतारात संकासुर येतो आणि त्याला भ्यायलेली मुले पुन्हा पुढच्या जत्रेला त्यालाच पाहायला जातात. वेंगुर्ल्याच्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी याच काळोखातून मराठीला थोर साहित्य दिले, तेव्हा बदनामीचे नाव कोणी काढले नव्हते. नाईकांच्या वाड्याने कोकणची बदनामी केलीच असेल, तर ती भुताने केली नाही, भाऊबंदकीने केली. पण त्याला बदनामी म्हणता येणार नाही. ते वर्णन आहे.

येथे मला मालिकेच्या पहिल्या पर्वातील एका प्रसंगाकडे वळावयाचे आहे. लग्नाची तयारी चाललेल्या घरात अण्णा नाईकांचा मृत्यू होतो आणि त्या मृत्यूभोवती गूढाचे जाळे विणले जाते, हा कथेचा आरंभ. मुंबईला राहणारा माधव, गावची शेती पाहणारा दत्ता, धाकटा अभिराम, माहेरी असलेली छाया, या सर्वांवर सावट आहे ते मेलेल्या बापाचे. पुढे या घरात सुषमा येते. ती अण्णांची आणि शेवंताची मुलगी. तोपर्यंतच्या भागांत या घराने कितीतरी चमत्कारिक गोष्टी सोसल्या होत्या. अपरात्रीचे आवाज, दिसणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या आकृती, अंगात आल्यासारखी वागणारी माणसे. त्यांतल्या कशानेही वाडा जेवढा हादरला नाही तेवढा तो या एका जिवंत मुलीच्या येण्याने हादरला. तो भाग पाहताना मला प्रथमच खरी भीती वाटली. पार्श्वसंगीताचा तिच्याशी काही संबंध नव्हता. भूत असेल तर त्याला नारळ, कोंबडा, फार तर वर्षाचा मान देऊन भागते. वारसाला हिस्सा द्यावा लागतो. सुषमेने तोंडाने काही मागो वा न मागो, तिचे तेथे असणे हीच मागणी होती, आणि ती घरातल्या प्रत्येकाला ऐकू गेली होती.

भयकथेचा आणि वारसाहक्काचा हा संबंध आकेरीत जुळला असे मात्र नव्हे. ज्या पुस्तकापासून इंग्रजीतील भयकादंबरीची परंपरा मोजतात, ती होरेस वॉल्पोलची 'ऑट्रांटोचा किल्ला' ही कादंबरी १७६४ ची. तिचा आरंभही लग्नघरातच होतो. लग्नाच्या दिवशी आकाशातून कोसळावे तसे एक प्रचंड शिरस्त्राण अंगणात पडते आणि त्याखाली तरुण वारस चिरडून मरतो. पुढचे सारे चमत्कार कशासाठी, तर किल्ला ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या घराण्याने तो बळकावलेला असून खरा वारस दुसराच, एक शेतकऱ्याचा पोर समजला जाणारा तरुण आहे, हे उघडकीस यावे म्हणून! अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज सरदाराने सातबारा पाहिला नव्हता. पण मालकीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही तर घराला झोप लागत नाही, एवढे त्याला ठाऊक होते.

आमच्या भागात हा प्रश्न कसा आहे? वर्गात जमीनधारणेचा विषय निघाला की मी विद्यार्थ्यांना विचारतो, तुमच्या घरच्या उताऱ्यावर किती नावे आहेत? पुष्कळांना सांगता येत नाही. ज्यांना येते ते पंधरा, बावीस, कधी चाळीस असे आकडे सांगतात. पणजोबा गेले, आजोबा गेले, मुंबईला गिरणीत गेलेले चुलत आजोबाही गेले. फेरफार मात्र कधी झाला, कधी राहिला. नाव असलेल्यांपैकी काही हयात नाहीत, काहींचा पत्ता नाही, काहींचे एकमेकांशी बोलणे नाही. अशा सामाईक जमिनीत एखाद्या तरुणाला कुक्कुटपालनाची शेड घालावयाची असली, तर बँक सर्वांची संमती मागते आणि सर्वांची संमती ही गोष्ट भुतासारखीच असते; पुष्कळांनी ऐकलेली, फार थोड्यांनी पाहिलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ८५ प्रमाणे सहधारकांना वाटप करून घेता येते. पण हक्काविषयीच वाद असला की दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे आले, आणि तेथे लागणाऱ्या वर्षांत लावलेले कलम धरू लागते व म्हातारेही होते. मग बाग पाळीने घेतात. ज्या वर्षी ज्याची पाळी त्या वर्षी त्याने फळ काढावे. खत मात्र कोणी घालावे, हा प्रश्न सर्वांनी सर्वांसाठी ठेवून दिलेला असतो.

गायरानासारखी वस्तू सर्वांची असली आणि कोणालाच कोणाला रोखता येत नसले तर ती अतिवापराने नष्ट होते, हा गॅरेट हार्डिनचा १९६८ चा सिद्धान्त आमच्या पाठ्यपुस्तकांत असतो. मायकेल हेलर या अमेरिकन विधिज्ञाने १९९८ मध्ये त्याची उलटी बाजू दाखविली. मॉस्कोतील दुकानांचे गाळे रिकामे आणि त्यांच्यासमोरच्या पदपथावर टपऱ्यांची गर्दी, हे पाहून त्याने कारण शोधले. एकेका गाळ्यावर इतक्या जणांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता की 'हो' म्हणण्याचा कोणाला उरलाच नव्हता. वस्तू वापरावाचून कुजते, ती अशी. हा निबंध वाचताना मॉस्को माझ्या डोळ्यांपुढे आलेच नाही. कोकणातली बंद घरे आली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही ती घटली. त्याच २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या पुरुषांचा हा आलेख आहे. त्याला एकटी भाऊबंदकी जबाबदार आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण गेलेल्यांपैकी ज्याला परत येऊन काही उभे करावयाचे असते, त्याच्या वाटेत पहिला उभा राहतो तो न झालेला वाटप.

या आकड्यातील स्त्रियांचे काय, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला. तो जन्मसिद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना आजही भाऊबिजेची आठवण करून दिली जाते. मालिकेतील छाया घरातच आहे, पण घर तिचे आहे असे कोणी मानीत नाही. सुषमेची गोष्ट तर याहून बिकट. रद्दबातल ठरणाऱ्या विवाहातून झालेल्या अपत्यालाही आईबापांच्या हिश्श्यात वाटा आहे, असा निर्णय १ सप्टेंबर २०२३ रोजी झाला; पण जेथे विवाहाचा विधीच झाला नाही तेथे ही तरतूद आपोआप हाती लागत नाही. म्हणजे नाईकांच्या घरातील सर्वांत जिवंत माणूस कायद्याच्या नजरेत सर्वांत अदृश्य! भयकथेच्या लेखकाला याहून मोठे बीज कोणते हवे होते?

आणि येथेच चाहता म्हणून माझी तक्रार आहे. मालिका या दारापर्यंत आली, तिने कडीला हातही घातला आणि मग ती मागे फिरली. जमिनीचा, वाट्याचा, हक्काचा प्रश्न रंगात आला की दिवे जावयाचे, किंचाळी ऐकू यावयाची आणि उत्तर पुढच्या भागावर ढकलले जावयाचे. दुसऱ्या पर्वात कथा मागे, अण्णांच्या भरभराटीच्या काळात गेली. माधव अभ्यंकरांनी अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता अशी उभी केली की लोकांनी ती डोक्यावर घेतली. अभिनयाविषयी दुमत नाही. पण हा अण्णा कोण? गरिबाच्या जमिनीवर आणि बायकांवर डोळा ठेवणारा, घरच्यांना धाकात ठेवणारा जमीनदार. त्याच्या बोलण्याच्या लकबी मुले गंमत म्हणून उच्चारू लागली आणि ज्यांच्या आजोबांनी अशाच कोणाच्या ओटीपुढे उभे राहून दिवस काढले, त्यांनाही तो लाडका झाला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळांना मालकी देण्यासाठी १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर अण्णांचे इतके कौतुक व्हावे, याचे मला भुतापेक्षा अधिक नवल वाटते. पहिल्या पर्वातील मेलेला अण्णा निदान उत्तर मागत होता. दुसऱ्यातील जिवंत अण्णाने प्रश्नच विसरावयास लावला.

आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले, छायाचित्रे निघू लागली, चार पैसे गावात आले. यात वाईट काही नाही. आणखी एखादे पर्व कधी निघालेच तर चाहत्याची एक सूचना आहे. एक अख्खा भाग तलाठ्याच्या कचेरीत घडावा. फेरफाराची नोटीस लागलेली आहे, दत्ता सकाळपासून उभा आहे, माधवाची मुंबईची गाडी चुकली आहे, छायेपुढे सहीसाठी कागद सरकविला जात आहे आणि भिंतीकडेच्या बाकावर सुषमा आईचे नाव लिहिलेला एक जुना कागद घेऊन बसली आहे. भुताचा प्रवेश नसला तरी चालेल. पांडूला मात्र अवश्य घ्यावे. कारण कोणत्या आंब्यापासून कोणाची हद्द सुरू होते हे ठाऊक असलेला घरात तो एकटाच उरला आहे, आणि नेमके तेच त्याला आठवत नाही.