घराच्या राखणीला कुत्रा हवाय? जात ठरवण्याआधी हे समजून घ्या

बोईसर स्टेशनवरून सालवडकडे निघालं की गाव कुठे संपतं आणि औद्योगिक वसाहत कुठे सुरू होते, हे सांगणं अवघड होतं. एखादं जुनं कौलारू घर, मागे परसात आंब्याची दोन झाडं, त्याला लागून भाड्याच्या खोल्यांची चाळ आणि थोड्या अंतरावर तारापूर एमआयडीसीतले कारखाने. रात्री-अपरात्री रस्त्यावर वर्दळ असते. अशा घरात राहणाऱ्या कुणालाही कधी ना कधी वाटतं, दारात एखादा कुत्रा असायला हवा.

मग मोबाइलवर शोध सुरू होतो, "राखणीसाठी सर्वांत चांगली जात कोणती?" उत्तरात ठरलेली नावं येतात. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, केन कोर्सो. पण या याद्या बहुतेक वेळा वेगळ्या हवेच्या आणि वेगळ्या वस्तीच्या घरांसाठी बनवलेल्या असतात. सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली अशा गावांत प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं निघतं.

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा?

२०२४ आणि २०२५ मध्ये कुत्र्यांचा विषय दोन वेळा देशाच्या चर्चेत आला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरू शकतात, असं या जातींबद्दल म्हटलं होतं. यादीत पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, मॅस्टिफ, फिला ब्राझिलेरो अशी नावं होती. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच निर्णय घेतला गेला, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. त्यानंतर केंद्राने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या.

दुसरा विषय भटक्या कुत्र्यांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. ११ दिवसांतच तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे त्याच भागात परत सोडायचे, मात्र रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे सोडायचे नाहीत, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्रे हटवण्याचा आदेश आला.

या दोन्ही चर्चांमध्ये घराच्या दारात बांधलेला राखणीचा कुत्रा जवळपास कुठेच नव्हता. खेडेगावात आणि निमशहरी भागात मात्र कुत्रा पाळण्याचं मुख्य कारण राखण हेच असतं.

राखण म्हणजे नेमकं काय?

राखणीच्या कुत्र्याकडून आपण तीन वेगवेगळी कामं अपेक्षित धरतो. पहिलं, कुणी आलं की आवाज देणं. दुसरं, येणाऱ्याला धाक वाटणं. तिसरं, वेळ आली तर अंगावर जाणं.

घराला खरी गरज पहिल्या दोन कामांची असते. रात्री दोन वाजता कुत्रा भुंकला, घरातला दिवा लागला आणि कुणी बाहेर आलं, की चोरीचा बेत बहुतेक वेळा तिथेच फिसकटतो.

तिसरं काम सर्वांत अवघड आहे. पोलिसांच्या कुत्र्याला अंगावर जायला शिकवतात, तसंच हुकूम मिळताच सोडायलाही शिकवतात. त्यामागे अनेक महिन्यांचं प्रशिक्षण आणि कायम सोबत असणारा हस्तक असतो. घरी साखळीला बांधून, चिडवून 'तापट' केलेल्या कुत्र्याला पकडणं येतं, सोडणं येत नाही.

सालवडमध्ये 'अनोळखी' कोण?

एकट्या वाडीतल्या घराजवळ रात्री अनोळखी माणूस दिसला तर संशय घेणं समजू शकतं. पण कारखान्यांच्या शेजारच्या गावात रात्री उशिरा गल्लीतून चालणारा माणूस बहुधा सेकंड शिफ्ट संपवून खोलीवर परतणारा कामगार असतो. पहाटे दूधवाला, सकाळी पेपरवाला, दुपारी पार्सल घेऊन येणारा मुलगा, महिन्यातून एकदा वीजमीटर बघणारा कर्मचारी आणि दर काही महिन्यांनी बदलणारे भाडेकरू. कुत्र्याच्या दृष्टीने हे सगळेच अनोळखी.

म्हणजे इथे माणसावर धावून जाणारा कुत्रा पाळला, तर त्याच्या तोंडी चोर सापडण्याआधी कामगार किंवा शेजारचं लहान मूल सापडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे अशा गावात कुत्रा निवडताना पहिला निकष असा असायला हवा, की तो भुंकेल पण आवरेल का?

जातीवरून स्वभाव कळतो का?

थोडाफार कळतो, पण आपण समजतो तितका नाही. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी केली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला साधारण ९ टक्केच भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं.

बाकीचा भाग आई-बापांचा स्वभाव, पिल्लू कसं वाढलं, त्याला काय अनुभव आले यावर ठरतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. या काळात त्याने वेगवेगळी माणसं, मुलं, सायकली, हेल्मेट घातलेले कामगार पाहिले, तर पुढे ते प्रत्येक माणसाला शत्रू समजत नाही.

ताकद आणि आकार मात्र जातीनेच ठरतात. चुकून चावण्याचा प्रसंग आलाच, तर ५० किलोचा रॉटवायलर आणि १८ किलोचा गावठी कुत्रा यांच्या चाव्यात मोठा फरक पडतो.

कोकणच्या हवेत कोण टिकतं?

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. हवेत बाष्प जास्त असेल तर ही पद्धत नीट चालत नाही. पालघरच्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत नेमकं हेच होतं. पावसाळ्यात त्वचेचे आजार आणि गोचीड यांचा त्रास सुरू होतो. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होतो.

या पार्श्वभूमीवर नेहमीची नावं पाहू.

जर्मन शेफर्ड हुशार आणि शिकायला चांगला. पण त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पत्र्याच्या शेडखाली दुपारभर बांधून ठेवला तर त्याचे हाल होतात. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजारही बराच आढळतो.

डॉबरमनचे केस आखूड, त्यामुळे उकाडा त्याला तुलनेने सोसतो. पण त्याला रोज भरपूर व्यायाम आणि माणसांची सोबत लागते. या जातीत हृदयविकाराचं प्रमाणही जास्त आहे.

रॉटवायलर ताकदवान आहे आणि २०२४ च्या यादीतही होता. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

लॅब्राडोर भुंकतो, मुलांत रमतो, पण पाहुण्याचं आणि चोराचं स्वागत सारख्याच उत्साहाने करू शकतो.

सेंट बर्नार्ड, हस्की यांसारखे थंड प्रदेशातले कुत्रे इथे आणणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

देशी जातींचं काय?

३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशी जाती पाळण्याचं आवाहन केलं आणि मुधोळ हाउंडचं नाव घरोघरी पोहोचलं. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या मालोजीराजे घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. महाराष्ट्रात याच घराण्यातल्या कुत्र्यांना कारवान किंवा पश्मी म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ, राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांच्यावर टपाल तिकिटं काढली होती.

मुधोळ काटक आहे, आपल्या हवेत टिकतो आणि खातोही बेताचं. पण तो घडला आहे नजरेने सावज हेरून त्याच्यामागे धावण्यासाठी. त्याला धावायला मोकळी जागा लागते. चाळीच्या बोळात साखळीला बांधलेला मुधोळ घराचीही राखण करत नाही आणि स्वतःही सुखात राहत नाही. शेजारच्या कोंबड्या आणि मांजरं हा आणखी एक वादाचा मुद्दा.

तामिळनाडूचा पांढराशुभ्र राजापालयम राखणीला चांगला मानला जातो. मात्र या जातीत काही पिल्लं जन्मतः बहिरी निघतात. म्हणून घेताना पिल्लाच्या पाठीमागे टाळी वाजवून बघणं गरजेचं. ज्याला चाहूलच लागत नाही, तो राखण काय करणार?

मग गावठी कुत्रा?

गावठी कुत्र्याला कागदपत्रं नसतात, त्यामुळे याद्यांमध्ये त्याचं नाव येत नाही. पण सालवडच्या घराला जे हवं, ते बहुतेक त्याच्याकडे आहे. आखूड केस, मध्यम आकार, तिखट कान, हलकी झोप आणि आपली हद्द ओळखण्याची सवय. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच हवेत वाढल्यामुळे उकाडा त्याला जातिवंत परदेशी कुत्र्यांपेक्षा चांगला सोसतो. भाकरी-भातावर तो जगतोही, पण त्याला अंडी, मासळी असं प्रथिनयुक्त खाणं मिळालं तर तब्येत चांगली राहते.

गावठी म्हणजे लस नको, असं मात्र नाही. पार्वोसारखा आजार गावठी पिल्लांनाही झपाट्याने मारतो.

जातिवंत पिल्लूच घ्यायचं असेल, तर २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असताना विकता येत नाही. स्टेशनबाहेर पिशवीतून विकायला आणलेलं महिन्याभराचं पिल्लू म्हणूनच टाळावं. आई न दाखवणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

रात्री बाहेर बांधलेला कुत्रा आणि बिबट्या

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या डोंगराळ भागातल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा ११ टक्के होता. म्हणजे बिबट्याच्या भागात अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा राखणदार कमी आणि सावज जास्त. तिथे रात्री त्याला पडवीत किंवा मजबूत जाळीच्या आत ठेवायला हवं.

कायदा काय सांगतो?

कुत्र्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. पाटीसोबत बंद होणारं फाटक आणि पक्कं कुंपण लागतं.

दुसरीकडे, कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं ही १९६० च्या कायद्यानुसार क्रूरता आहे. त्याचा दंड नाममात्र असला तरी खरी किंमत वेगळीच मोजावी लागते. दिवसभर बांधलेला कुत्रा चिडखोर होतो आणि साखळी तुटते त्या दिवशी समोर जो असेल त्याच्यावर तो राग निघतो.

रेबीजचा हिशेब आधी

केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लस वेळेत घेतली तर हा मृत्यू टाळता येतो.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर आणि त्यानंतर दर वर्षी एक डोस. कुत्रा चावलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. घरचा, लस दिलेला कुत्रा असला तरी डॉक्टरांना दाखवणं टाळायचं नाही.

थोडक्यात, घ्यायचा कोणता?

स्वतःला चार प्रश्न विचारा. घराला बंद होणारं फाटक आहे का? कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायला घरात कोण मोकळं आहे? दुपारच्या उन्हात तो बसेल कुठे? आणि दारावरून रोज किती अनोळखी माणसं जातात?

फाटक नसेल, वर्दळ जास्त असेल आणि घरातले सगळे कामावर जात असतील, तर मोठा जातिवंत कुत्रा आणू नका. आधी फाटक बसवा, अंगणात दिवा लावा. मग गल्लीतलंच एखादं धीट, माणसाळलेलं गावठी पिल्लू घ्या, त्याला लस द्या, वेळ आल्यावर निर्बीजीकरण करून घ्या. वाडी मोठी असेल, कुंपण पक्कं असेल आणि घरात कुणी वेळ देणारं असेल, तर डॉबरमन, राजापालयम किंवा जर्मन शेफर्डचा विचार करता येईल.

आणि कुत्रा आणल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला घेऊन शेजारच्या चाळीत एक फेरी मारा. रात्री साडेअकराला नाक्यावरून येणारी माणसं त्याने तेव्हाच ओळखून ठेवलेली बरी.