साहेबांना दिसत नाही, की साहेबांना कुणी सांगत नाही?

(पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये बसून वाचा. साहेब शेजारच्या सीटवर नसताना.)

कंपन्यांमध्ये सध्या 'लीडरशिप'च्या कार्यशाळांचं पीक जोरात आहे. लोणावळ्याकडचं रिसॉर्ट, दोन दिवस, गळ्यात ओळखपत्र आणि विषय काय, तर 'आपले ब्लाइंड स्पॉट ओळखा'. प्रशिक्षक बोर्डावर चार चौकोन काढतो. याला जोहारी विंडो म्हणतात. (बऱ्याच जणांना वाटतं हे कुणा जोहारी आडनावाच्या गृहस्थांचं काम. तसं नाही. १९५५ साली जोसेफ आणि हॅरिंग्टन नावाच्या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही आकृती मांडली. जो अधिक हॅरी, झालं जोहारी.) त्यातला एक चौकोन म्हणजे माझ्याबद्दल इतरांना ठाऊक असलेलं, पण मला ठाऊक नसलेलं. मग साहेब डोळे मिटतात, अंतर्मुख होतात आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहितात, 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.' टाळ्या. जेवणाची सुट्टी.

या सगळ्याचा मला राग येतो, आणि तो पैसे वाया जातात म्हणून नाही. राग याचा येतो की जी गोष्ट माणसाला एकट्याने दिसूच शकत नाही, ती शोधायला त्याला एकट्यालाच बसवलं जातं. आणि हे साहेबांच्या फार सोयीचं असतं. स्वतःचे दोष स्वतःच शोधायचे म्हटल्यावर आपल्याला परवडतील तेवढेच सापडतात.

डोळ्यातला खरा अंधबिंदू आठवा. शाळेत विज्ञानात होता. दृष्टिपटलावर जिथून चेतातंतू बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात. करून बघा: कागदावर आठ-नऊ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके काढा, उजवा डोळा मिटा, डाव्या डोळ्याने उजवीकडच्या ठिपक्याकडे रोखून बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर डावा ठिपका गायब होतो. गंमत पुढे आहे. तिथे काळं भोक दिसत नाही, स्वच्छ पांढरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा आपली आपण भरून टाकतो. म्हणजे काही दिसत नाहीये, हेही दिसत नाही. आणि त्यावरचा उपाय निसर्गाने दिलाय तो दुसरा डोळा. तो वेगळ्या जागेवरून बघतो म्हणून एकाचं राहिलेलं दुसरा टिपतो. पहिला डोळा कितीही ताणला तरी तो ठिपका परत येत नाही.

आता ऑफिसात या. साहेबांच्या जागेवरून काय दिसतं? हसरे चेहरे. वेळेवर आलेले रिपोर्ट. टाउनहॉलच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' म्हटल्यावर पसरलेली शांतता, जिचा अर्थ साहेब 'सगळे खूश आहेत' असा लावतात. पांढरा कागद!

ही शांतता तयार होते कशी, ते नोकरी केलेल्या कुणालाही माहीत आहे. तुमचं अप्रेझल ज्याच्या हातात, त्यालाच त्याच्या चुका सांगायच्या. त्यात बेल कर्व्ह: टीममधल्या कुणाला तरी खालची श्रेणी द्यायचीच आहे, मग ती कुणाला जाईल? 'निनावी' फीडबॅक पाच जणांच्या टीममध्ये मागवतात, जिथे वाक्याच्या ढंगावरून कळतं की हे कुलकर्णी बोलतायत की शेख. 'माझं दार कायम उघडं असतं' म्हणणाऱ्या साहेबांच्या दारातून आत कोण गेलं आणि किती वेळ बसलं, हे बाहेरचा अख्खा मजला बघत असतो. बरं, नोकरी सोडताना तरी माणूस खरं बोलेल? एक्झिट इंटरव्ह्यू ज्या आठवड्यात असतो, त्याच आठवड्यात रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशोब अडकलेला असतो. तो बिचारा लिहितो, 'बेटर ऑपॉर्च्युनिटी'. एचआर त्याचा सुंदर पाय चार्ट करतं. साहेबांना कळतं की लोक पगारासाठी सोडून जातात.

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'लोकांनी धाडस करून बोलायला हवं.' जरूर. धाडस करणाऱ्याचा गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार, तेवढं सांगा.

'सगळेच बॉस वाईट नसतात' हेही कमेंटमध्ये येणार, म्हणून आत्ताच लिहितो. मान्य. उलट माझ्या मते चांगल्या बॉसचा धोका जास्त. खडूस माणसाला निदान ठाऊक असतं की लोक त्याला घाबरतात. भल्या माणसाला वाटतं, 'माझ्याशी सगळे मोकळेपणाने बोलतात.' मग तो तपासतच नाही.

हा प्रश्न जीवावर बेततो तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण नेतृत्वाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने अनेक विमानं इकडे वळवलेली. लहान विमानतळ, दाटीवाटी, त्यात धुकं उतरलेलं. केएलएम या डच कंपनीच्या जंबो जेटचे कॅप्टन हे त्या कंपनीतले जंबोचे मुख्य प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो. कामात कच्चा माणूस नव्हे, सगळ्यात पक्का. ते उड्डाणासाठी विमान पुढे काढायला लागले, तेव्हा सहवैमानिकाने सांगितलं की अजून परवानगी मिळालेली नाही. ते थांबले. थोड्या वेळाने पुन्हा निघाले, तेव्हाही उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती, पण या वेळी सहवैमानिकाने त्यांना थांबवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टननी ठासून सांगितलं, झालंय. झालेलं नव्हतं. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात विमानांची टक्कर होऊन याहून जास्त माणसं कधी मेलेली नाहीत.

माहिती कॉकपिटमध्येच होती, कॅप्टनच्या पाठीमागे दोन हातांवर. ती चार पट्ट्यांच्या गणवेशापर्यंत पोचून तिथेच संपली.

यातून विमान कंपन्या काय शिकल्या? त्यांनी कॅप्टनला ध्यानधारणेला पाठवलं नाही. टेनेरिफ आणि त्या काळातल्या अशाच काही अपघातांनंतर 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचं प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलायची, ऐकलं नाही तर आणखी जोर लावून बोलायची, आणि कॅप्टनने ती ऐकायचीच, हा कामाचा भाग झाला. आज आपल्याकडेही वैमानिकांना हे प्रशिक्षण सक्तीचं आहे. सहवैमानिकाचं बोलणं त्याच्या धाडसावर सोडलेलं नाही, ती त्याची ड्यूटी आहे.

आता आपल्या पुण्यात. २०२४ च्या जुलैमध्ये ईवाय या बड्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करणारी २६ वर्षांची सीए मुलगी गेली. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्याबद्दल त्या माउलीने लिहिलं होतंच, आणि अंत्यसंस्काराला कंपनीतलं कुणीही आलं नाही, हेही लिहिलं होतं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. त्या वादात मी शिरत नाही. अध्यक्षांनी जाहीरपणे लिहिलं की अंत्यसंस्काराला कुणी न जाणं आमच्या संस्कृतीत बसत नाही. त्यांना मनापासून तसं वाटतही असेल. माझा मुद्दा तोच आहे. संस्कृती काय आहे हे वरच्या मजल्यावर एक दिसतं आणि खाली, रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसलेल्या पोरीला दुसरंच.

पुढचं तर कळसच. राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली तेव्हा बाहेर आलं की २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. अर्ज केला तो २०२४ च्या फेब्रुवारीत. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा ज्या कायद्यात होती, तोच हा कायदा. दुसऱ्यांच्या वह्या तपासणं हा जिचा धंदा, तिच्या घरचा हा कागद १७ वर्षं! आणि सरकारलाही तेवढीच वर्षं दिसला नाही, हेही लिहून ठेवू.

बरं, त्यानंतर तरी चर्चा तास कमी करण्याची झाली का? २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ते प्रसिद्ध वक्तव्य आलं. आठवड्याला ९० तास काम करा, रविवारीही या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार? लोकांनी मीम केले, हसले, विषय संपला. मला त्यात ब्लाइंड स्पॉटचा उत्तम नमुना दिसला. नवरा ९० तास ऑफिसात असताना घरात स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं कोण बघतं? केंद्र सरकारच्याच २०१९ च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. म्हणजे हे ९० तास दुसऱ्या कुणाच्या तरी बिनपगारी पाच तासांवर उभे आहेत. आणि ती बाई स्वतः त्याच कंपनीत इंजिनिअर असेल तर तिने ९० तास कुठून आणायचे? केबिनमधून हा प्रश्न सुचतच नाही, कारण केबिनमधल्या माणसाचा डबा आपोआप भरून येतो.

असंच बायकांच्या संडासाचं. केबिनला जोडून स्वच्छतागृह असलेल्या साहेबाला हे कळायला कुणीतरी सांगावं लागतं की खालच्या मजल्यावरच्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. असंच जातीचं. 'आमच्या ऑफिसात जातबीत काही नाही' हे वाक्य म्हणणाऱ्याचं आडनाव बघा. मी एवढंच म्हणतो, बघा.

मग करायचं काय? दुसरा डोळा बसवायचा, आणि तो साहेबांच्या मर्जीवर ठेवायचा नाही. हे काही परदेशातून आणायला नको. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची, जिचा पगार त्या कंपनीतून येत नाही. का? कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की आतल्या माणसाचा डोळा मिंधा असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे कामगार आणि व्यवस्थापनाच्या संयुक्त समितीची तरतूद होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक कारखान्यांसाठी कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती घातली गेली, तीही हजारो माणसं गेल्यावर. यातल्या किती समित्या नुसत्या फलकावर आहेत, हे सांगायला संशोधक नको. युनियन नावाच्या तिसऱ्या डोळ्याचं नाव काढलं तर हिंजवडीत लोक आवाज खाली करून बोलतात.

आणि व्यवस्थापकांपैकी कुणी इथवर वाचत आले असतील तर त्यांच्यासाठी एकच काम, रिसॉर्ट न लागणारं. तुमच्यापर्यंत शेवटची वाईट बातमी घेऊन जो माणूस आला होता, तो आज कुठे आहे? कोणत्या टीममध्ये, कोणत्या श्रेणीवर, की नोकरी सोडून गेला? नाव आठवून एचआरकडून त्याची फाइल मागवा. असा कुणी आठवतच नसेल, तर तुमच्याकडे वाईट बातम्या नाहीत असा अर्थ काढू नका.

बाकीच्यांनी उद्या ऑफिसात गेल्यावर एवढं बघा: अंतर्गत समितीच्या बाहेरच्या सदस्याचं नाव भिंतीवर कुठे लावलंय का, आणि तिला तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलंय का. कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव लिहू नका, नोकरी सांभाळा.