गिऱ्हाईक शेवटी पायीच दुकानात शिरते



पुण्यातील लक्ष्मी रस्त्याचा विषय निघाला की आपल्या समाजाच्या बैठकीत हमखास दोन तट पडतात. ज्यांचे दुकान त्या रस्त्यावर आहे ते म्हणतात, पार्किंग गेले तर धंदा गेला. ज्यांना सकाळी स्थानकात किंवा मंदिरात पायी जायचे असते ते म्हणतात, पदपथ उरलाच नाही, चालायचे कोठून? गंमत अशी की ही दोन्ही माणसे पुष्कळदा एकाच घरातील असतात. मुलगा गादीवर बसलेला असतो आणि त्याची आई रस्ता ओलांडण्यासाठी चौकात ताटकळत असते.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळू लागली. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला आणि माणसे भर रस्त्यातून निर्धास्त चालली. तेव्हापासून दरवर्षी हा प्रश्न नव्याने उभा राहतो. हे एका दिवसापुरतेच असावे, की रस्त्याची रचनाच बदलावी? व्यापारी वाचकांनी या प्रश्नाकडे भावनेने न पाहता हिशेबाच्या नजरेने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

हिशेबाच्या एका बाजूला जी रक्कम आहे ती पैशांत मोजता येत नाही, म्हणून ती आधी सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण केवळ चालत होता. त्याच्या हातात ना स्टिअरिंग होते, ना त्याच्याकडून वेगाची चूक घडली होती. आपल्या समाजाला तर हे अधिकच लागू आहे. साधू-साध्वींचा विहार पायी आणि अनवाणी होतो. ईर्यासमितीचे पालन करणारी साध्वी पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकते. मागून भरधाव येणारा टेम्पो तिला दिसावा तरी कसा? विहारात वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो, शोकसभा घेतो. पण रस्ता कसा बांधला होता, हा प्रश्न शोकसभेत कोणी विचारत नाही.

रस्ता बदलता येतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. जंगली महाराज रस्ता हा पुणेकरांच्या अभिमानाचा विषय. १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि हमीची मुदत संपल्यावरही कित्येक वर्षे त्यावर खड्डा पडला नाही. (हमीपत्र देणाऱ्याने हमी पाळली, हे वाक्य बँकेतील माणसाला किती सुखावणारे असते, ते बँकेतील माणसालाच कळेल.) मात्र हा उत्तम रस्ता होता तो वाहनांसाठी. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि त्याच सुमारास या रस्त्याच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले. पदपथ रुंद झाले, जुनी झाडे राखली गेली, बसायला बाके आली, काही ठिकाणी मुलांना खेळण्याची साधनेही आली.

पदपथ रुंद केला म्हणजे गाड्यांचा रस्ता अरुंद झाला आणि कोंडी वाढणार, असा आक्षेप तेव्हाही होता. तो सकृद्दर्शनी पटतो, परंतु बारकाईने पाहिल्यास टिकत नाही. आपले जुने रस्ते सर्वत्र सारख्या रुंदीचे नसतात. कोठे चार गाड्या मावतात, पुढे तीन, चौकाजवळ पुन्हा चार. अशा रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. गोदाम केवढेही मोठे असो, दारातून एका वेळी एकच हातगाडी जात असेल तर माल त्याच गतीने बाहेर पडणार. अरुंद जागेच्या मागेपुढे जी जादा रुंदी असते ती वाहतुकीच्या कामी येतच नाही. तेथे गाड्या उभ्या राहतात, रिक्षा थांबतात, आणि तीनाच्या चार व चाराच्या तीन रांगा होताना घुसाघुशी होते. पुनर्रचनेत वाहनांची मार्गिका टोकापासून टोकापर्यंत एकसारखी ठेवायची आणि उरलेली जागा पदपथाला, झाडांना, बसथांब्याला व आखीव पार्किंगला वाटून द्यायची, एवढेच मूळ सूत्र आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेतील ऊर्जा ताशी ३० किलोमीटरच्या गाडीपेक्षा पावणेतीन पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चौकातील वळणे थोडी आवळली जातात, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीइतकी उचलून घेतली जाते आणि कोपऱ्यावर पदपथ जरा पुढे काढला जातो, जेणेकरून ओलांडायचे अंतर कमी व्हावे. पाटी लावून चालक वेग कमी करत नाही, रस्त्याच्या आकाराने करतो. पदपथाची उंचीही लहानसा मुद्दा नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पदपथ गुडघ्याएवढा उंच, आणि दर दहा पावलांवर एखाद्या इमारतीच्या फाटकासाठी तोडलेला. सत्तरीच्या गृहस्थाने तेथे दहा वेळा चढ-उतार करण्यापेक्षा खाली गाड्यांतून चालणे पत्करले, तर त्याला बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही.

सायकलींच्या बाबतीत मात्र माझे मत तितकेसे अनुकूल नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. २०१७ मध्ये महापालिकेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. परंतु जे मार्ग प्रत्यक्ष झाले ते तुकड्यातुकड्यांत. मार्ग सुरू होतो, झाडापाशी अडतो, पुढे त्यावर दुचाकी उभ्या, नंतर एखादी टपरी, आणि मग तो संपतोच. खुद्द जंगली महाराज रस्त्यावरही सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यावर सायकलखेरीज बाकी सर्व काही आढळते. सायकल चालवणारा आज कोण आहे, याचाही आपण विचार करत नाही. हौस म्हणून पहाटे सायकल फिरवणारे वेगळे. आपल्या दुकानातील मदतनीस, गोदामावरील हमाल, घरोघर दूध टाकणारा, यांना रोज जीव मुठीत धरून सायकल चालवावी लागते. तो पोटासाठी ज्या रस्त्याने येतो तो रस्ता सलग असावा, ही मागणी व्यापाऱ्यांनी मालक या नात्याने करायला हवी.

आता व्यापाराच्या मुद्द्याकडे येतो. नोकरीत असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या मालतपासणीसाठी मी पेठांतील दुकानांत अनेक वर्षे फिरलो आहे. माल मोजून झाल्यावर चहा येईपर्यंत दाराकडे पाहत बसायचे, ही माझी सवय. दुकानासमोर सकाळी साडेदहाला जी गाडी उभी असे, ती सायंकाळीही तेथेच असे. बहुधा ती मालकांचीच असे, आणि तिच्या शेजारी नोकरांच्या दुचाकी. मालक मात्र मनापासून सांगत, “साहेब, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागाच राहिली नाही.”

एका मोटारीला साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. आपल्या पेठांत एवढ्या जागेत नांदते दुकान असते. त्याच्या पागडीचा आणि भाड्याचा आकडा वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ती मोक्याची जागा सकाळी १० ते रात्री ९ एकाच गाडीने अडवली तर अकरा तासांत तिची उलाढाल एक. तीच जागा अर्ध्या अर्ध्या तासाने रिकामी झाली तर उलाढाल बावीस. दुकानातील एखादा माल वर्षभर फडताळात पडून राहिला तर आपण त्याला मेलेला माल म्हणतो आणि सेल लावून काढून टाकतो. दारातील मेलेल्या जागेला मात्र आपण ‘सोय’ म्हणतो. तेव्हा रस्त्यावरील पार्किंगला वेळेनुसार आकार लावण्यास व्यापाऱ्यांनी विरोध करणे मला तरी अनाकलनीय वाटते. २०१८ मध्ये पुण्यात असे धोरण मंजूर झाले, विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते उरले आणि पुढे रेंगाळले. त्यात नुकसान झाले ते गिऱ्हाइकाचे.

गिऱ्हाईक कसे येते याविषयी दुकानदाराचा अंदाज किती चुकू शकतो, याची एक पाहणी प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात दुकानदारांना विचारले असता त्यांनी सांगितले की ४१ टक्के गिऱ्हाइके मोटारीने येतात. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारले तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. अर्ध्या मैलाच्या आत राहणारी गिऱ्हाइके दुकानदारांच्या मते १२ टक्के होती, प्रत्यक्षात ४२ टक्के. याचे कारण मला तरी स्पष्ट दिसते. मोटारीने आलेला माणूस आत येताच पार्किंगची तक्रार करतो, ती लक्षात राहते. चालत आलेला तक्रार करत नाही. तो खरेदी करतो आणि निघून जातो.

पुणे म्हणजे ब्रिस्टल नव्हे, हे मलाही मान्य आहे. आपल्याकडे दुचाकीचा वाटा मोठा आहे आणि लग्नाचा बस्ता बांधायला गावाहून आलेले कुटुंब जीप घेऊन येते. परंतु परिस्थिती आपल्याकडेही बदलते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्थानक लक्ष्मी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आले. पिंपरी-चिंचवडहून येणारी गिऱ्हाईक मंडळी आता तेथून वर येतात ती पायीच. त्यांना तुळशीबागेतून दुकानापर्यंत धक्के न खाता येता आले, तर ती दोन दुकाने जास्त फिरतील.

केवळ रस्ता देखणा करून भागत नाही, हेही तितकेच खरे. दिल्लीचा चांदनी चौक पाहावा. लाल किल्ल्यासमोर जेथे आपले दिगंबर जैन लाल मंदिर आणि त्याच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय आहे, तेथून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा नव्याने बांधून १२ सप्टेंबर २०२१ रोजी खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंदी घातली गेली. लाल दगडाची फरसबंदी, बाके, झाडे, सगळे उत्तम. पण पुढे देखरेख सैल पडली. वाहने अडवण्यासाठी लावलेले खांब मोडले, मोटारसायकली आणि ई-रिक्षा आत शिरू लागल्या आणि तेथील व्यापारीच तक्रार करू लागले. कर्ज मंजूर करणे सोपे असते, खाते सांभाळणे अवघड असते. रस्त्याचेही तसेच आहे.

म्हणून आपल्या व्यापारी मंडळांनी सरसकट ‘नको’ म्हणण्याऐवजी अटी घालाव्यात, असे मला वाटते. काम शंभर-शंभर मीटरच्या टप्प्यांत व्हावे आणि एक टप्पा पूर्ण झाल्याखेरीज पुढचा खणू नये. दिवाळी व लग्नसराईत खोदाई नको. ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण सहा महिने दुकानासमोर चर खणलेला असला तरी कॅश क्रेडिटचे व्याज थांबत नाही, आणि लहान दुकानदार त्यातच बुडतो. वीज, पाणी, सांडपाणी आणि तारा यांच्या वाहिन्या पदपथाखाली एकदाच नीट घालाव्यात. माल उतरवण्यासाठी सकाळची वेळ ठरवून द्यावी. वृद्ध आणि अपंग गिऱ्हाइकांना दुकानाजवळ उतरवण्याची सोय ठेवावी. पथारीवाल्यांची जागा आखून द्यावी. त्यांना नुसते हुसकावल्याने ते दुसऱ्या दिवशी परत येतात, हा आजवरचा अनुभव आहे. आणि देखभालीचा खर्च कोण करणार, ते कामाच्या आदेशातच लिहून घ्यावे.

या अटी मांडायला जाताना हाती आकडे असावेत. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बिल करणाऱ्या मुलाला सांगावे की प्रत्येक गिऱ्हाइकाला “कसे आलात?” एवढे विचारून बिलावर एक अक्षर लिही. पायी, सायकल, बस, मेट्रो, रिक्षा, दुचाकी, मोटार. एक शनिवार, एक साधा मंगळवार आणि सणाच्या आधीचा एक दिवस, असे तीन दिवस पुरेत. सायंकाळी प्रत्येक प्रकाराची बिले वेगळी करून संख्या आणि रक्कम या दोन्हींची बेरीज मांडावी. मोटारीने येणाऱ्याचे एकेक बिल मोठे निघेल, हा माझा अंदाज आहे. एकूण गल्ल्यात कोणाचा वाटा मोठा निघतो, ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. ज्यांनी ही नोंद केली त्यांनी ती अंकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावी. दुकानाचे नाव न देता ती या सदरात छापू.

बँक लॉकरच्या नामनिर्देशनाविषयी आलेल्या पत्रांची उत्तरे जागेअभावी या वेळी राहिली, ती पुढील अंकात.