कारण आणि ऋण

जगात दुष्ट असा कोणी नसतोच, असतो तो केवळ दुखावलेला, अशी एक सोयीची समजूत अलीकडच्या कथालेखनात दृढ होत चालली आहे. अ‍ॅनिमेशन मालिकांच्या लेखनात तर तिला शास्त्रवचनाचे स्थान मिळू लागले आहे. खलपात्राला एक करुण भूतकाळ द्यावा, योग्य वेळी तो उलगडून दाखवावा, नायकाच्या डोळ्यांत पाणी आणावे आणि शेवटच्या भागात त्या पात्राला नायकाच्या पंक्तीला आणून बसवावे. एवढे केले की पात्र सखोल झाले आणि त्याचा उद्धारही झाला, असे मानले जाते. या समजुतीत दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत आहे. दुष्कृत्य का घडले, हा एक प्रश्न. ते करणाऱ्याकडे कोणाचे काय देणे उरले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारणात सापडते, दुसऱ्याचे ऋणात. आणि कारण कितीही हृदयद्रावक असले तरी ते सांगितल्याने ऋण फिटत नाही.

या विषयाची चर्चा गंभीर समीक्षेत कशाला, असा प्रश्न काही विद्वान विचारतील. चित्रांची हालचाल म्हणजे मुलांचा खेळ, अशी त्यांची धारणा असते. परंतु पंचतंत्रही राजपुत्रांसाठीच सांगितले गेले, आणि त्यातील कोल्ह्यांच्या कपटाचा विचार करताना कोणी त्याला बालिश म्हटले नाही. आज साहित्याच्या वर्गात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची दुष्टतेशी पहिली कथात्म ओळख छापील पानावर झालेली नसते, ती पडद्यावरील रेखाटलेल्या पात्रांतून झालेली असते. तेव्हा ती ओळख कोणत्या प्रतीची आहे, हे तपासणे समीक्षेचे कर्तव्यच ठरते.

पूर्वीच्या मालिकांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण त्यांच्या रचनेत स्मृतीला जागा नव्हती. प्रत्येक भाग संपला की पाटी कोरी होत असे. २००८ पासून आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या 'छोटा भीम'मधील कालिया पाहावा. भीमाबद्दलची असूया ही त्याची प्रेरणा स्पष्ट आहे आणि ती मानवीही आहे. पण एका भागात कालिया खजील झाला तरी पुढच्या भागात तो पुन्हा पूर्ववत असूयाग्रस्तच भेटतो. हा दोष पात्राचा नव्हे, कथनरूपाचा आहे. ज्या कथेला काल काय घडले हे आठवत नाही, तिच्यात पश्चात्ताप संभवत नाही. कारण पश्चात्ताप म्हणजे स्मृतीचेच एक दुखणे.

प्रेरणा द्यावी, पण क्षमा देण्याची घाई करू नये, याचा वस्तुपाठ १९९२ मध्ये प्रसारित झालेल्या 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'मधील 'हार्ट ऑफ आइस' या भागाने घालून दिला. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात मिस्टर फ्रीझ हे तोवर केवळ एक चमत्कृतिपूर्ण असलेले पात्र प्रथमच माणूस झाले. त्याची आजारी पत्नी शीतसमाधीत होती आणि तिच्यावर इलाज सापडावा म्हणून तो झटत होता. त्याच्या वरिष्ठाने खर्चाचे कारण पुढे करून तो प्रयोग बंद पाडला, आणि त्या झटापटीत फ्रीझ थंडीखेरीज जगू न शकणारा प्राणी होऊन बसला. सूडाचे इतके सबळ कारण मिळाल्यावर आजचा लेखक त्याला दोषमुक्त करूनच थांबला असता. डिनींनी तसे केले नाही. वरिष्ठाचा गुन्हा उघड होतो, फ्रीझचे दुःख खरे ठरते, आणि तरीही फ्रीझ कोठडीतच जातो. काचेच्या गोलातील इवल्या नर्तकीसमोर तो आपल्या पत्नीची क्षमा मागत बसलेला दिसतो. अवघ्या बावीस-तेवीस मिनिटांत सहानुभूती आणि न्याय यांना एकमेकांची जागा घेऊ न देता दोहोंनाही पुरते स्थान दिले गेले आहे.

तथापि कोठडीत संपणारी कथा उद्धाराची कथा नव्हे. उद्धाराला काळ लागतो, आणि दीर्घ मालिकेचे खरे सामर्थ्य या काळातच आहे. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झ्को यांच्या 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५–२००८) या तीन पर्वांच्या, एकसष्ट भागांच्या मालिकेतील राजपुत्र झूको हे त्याचे सर्वमान्य उदाहरण आहे, पण ते ज्या कारणासाठी वाखाणले जाते ते कारण बहुधा चुकीचे असते. झूकोच्या चेहऱ्यावरील भाजल्याच्या व्रणाची कथा पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागात कळते. युद्धसभेत कोवळ्या सैनिकांचा बळी देण्याच्या बेताला तेरा वर्षांच्या या मुलाने विरोध केला, आणि द्वंद्वात त्याच्या समोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष पिताच निघाला. मुलाने लढण्यास नकार दिला. बापाने त्याचे तोंड जाळले आणि अवताराला पकडून आणीपर्यंत त्याला हद्दपार केले. याहून करुण भूतकाळ तो कोणता? पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हे कळल्यानंतरही मालिकेचे एकोणपन्नास भाग शिल्लक असतात, आणि त्यांतील बहुसंख्य भागांत झूको खलपक्षातच, किंवा फार तर दोन पक्षांच्या मधल्या ओसाडीत, वावरतो. कारण सांगून झाले. ऋणाचा आरंभही झालेला नाही.

किंबहुना दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस लेखकांनी जे केले ते आजच्या उद्धारप्रेमी लेखकांना सहन होणार नाही. झूकोपुढे निवड येते. कटारा ही त्याची वैरीण त्याचा व्रण बरा करण्याची तयारी दाखवते, वत्सल काका आयरो त्याला सन्मार्गाची वाट दाखवतो, आणि झूको त्या दोघांचा विश्वासघात करून बहीण अझूलाच्या बाजूला जातो. प्रेक्षक ज्याची वाट पाहत होता ते हातातोंडाशी आलेले परिवर्तन हिरावले जाते. तिसऱ्या पर्वात झूकोला हवे होते ते सारे मिळते: राजवाडा, पित्याची मर्जी, गेलेला मान, आणि त्या साऱ्यात तो सुखी नाही हे त्याला कळते. हे ज्ञान त्याच्यावर कोणी लादलेले नाही, इच्छापूर्तीच्या पोकळीतून ते त्याच्या हाती आले आहे. म्हणूनच पित्यासमोर उभे राहून तो जेव्हा निघून जातो, तेव्हा ती घटना प्रसंगाची गरज न वाटता स्वभावाची परिणती वाटते.

पण खरी कसोटी याच्याही पुढची आहे. तो ज्यांच्याकडे जातो ते त्याला नाकारतात. अवताराला ठार मारण्यासाठी आपणच मारेकरी पाठवला होता, हे त्याला कबूल करावे लागते, आणि तो मारेकरी खरोखरच तेथे येऊन ठाकतो. केलेले कर्म शब्दांनी मागे घेता येत नाही, हे मालिका घटनेतून दाखवते. इतरांनी स्वीकारल्यावरही कटारा त्याला क्षमा करीत नाही, कारण विश्वासघात तिच्याशी झालेला असतो. तिच्या मनाचा कल बदलेपर्यंत लेखक भागांमागून भाग थांबतात. तिच्या आईच्या मारेकऱ्याला शोधण्यात झूको तिला साथ देतो. ती त्या मारेकऱ्याचा जीव घेत नाही, पण त्याला क्षमाही करीत नाही. झूकोला मात्र करते. क्षमा कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी, हा अधिकार ज्याची हानी झाली त्याचाच आहे, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे मांडणारे कथानक प्रौढांच्या साहित्यातही विरळा.

हीच मालिका अझूलाला उद्धार देत नाही. आई आपल्याला राक्षसी समजत होती, हे शल्य तिच्याही मनात आहे. कारणाची उणीव नाही. शेवटी ती भ्रमात कोसळते, आणि तिची कीव येते. पण कीव येणे म्हणजे तिची सुटका होणे नव्हे. आणि पिता ओझाय याला तर लेखकांनी करुण भूतकाळ मुळीच दिलेला नाही. सत्तेची निखळ लालसा ही त्याला पुरेशी प्रेरणा आहे. प्रत्येक क्रौर्याच्या मुळाशी एखादी जखम असलीच पाहिजे, हा आग्रह मानसशास्त्राचा आव आणतो. वस्तुतः ते सत्ता, लोभ आणि अहंकार यांकडे पाहण्याचे टाळणे असते.

या टाळाटाळीचे परिणाम 'स्टीव्हन युनिव्हर्स' (२०१३–२०१९) या अन्यथा गुणवान मालिकेत दिसतात. त्यातील डायमंड या सम्राज्ञी ग्रहच्या ग्रह वसाहतींसाठी पोखरतात, आपल्याच प्रजेतील रत्नजीवांचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांतून एक अस्त्र घडवून ते पृथ्वीच्या पोटात पुरतात. समारोपात नायकाच्या निरागस जिद्दीपुढे त्या नमतात आणि प्रश्न एका कुटुंबाच्या मनोमीलनाचा होऊन मिटतो. समर्थक म्हणतील, ही मालिका न्यायालयाची नाही, घराची कथा सांगते, आणि मुलांना क्षमा शिकवण्यात गैर ते काय? हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु घरातल्या भांडणाची भाषा साम्राज्याच्या अपराधाला लावली की तुकडे झालेले जीव कथेच्या हिशेबातून गळतात, आणि त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार नायकाकडे कोठून आला, हे विचारायचे राहून जाते. पुढील 'स्टीव्हन युनिव्हर्स फ्यूचर' (२०१९–२०२०) या उत्तरमालिकेत यलो डायमंड तुकडे पुन्हा सांधताना दिसते आणि खुद्द स्टीव्हनच्या मनात दडपलेला क्रोध उसळून येतो. न फेडलेले ऋण कथेलाच परत मागावे लागले, असाच याचा अर्थ होतो.

क्षमेचा हा अर्थ आपल्या परंपरेला परका नाही. अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेव्हा लोक त्याला ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या मारतात. डोके फुटून, पात्र भंगून तो परततो. आणि बुद्ध त्याला ते सोसण्यास सांगतात. त्याचे परिवर्तन खरे आहे, म्हणूनच सोसणेही खरे आहे. मराठी लोककथेतील वाल्या कोळी तर प्रत्येक हत्येचा एक खडा रांजणात टाकतो, आणि असे सात रांजण भरतात. कुटुंबाचे पोट हे त्याचे कारण. पण पापात वाटेकरी होण्यास तेच कुटुंब नकार देते, तेव्हा कारण गळून पडते आणि खडे तेवढे उरतात. त्यानंतर अंगावर वारूळ चढेपर्यंतचा काळ आहे. मिठीने ती कथा संपत नाही.

कर्णाबाबतही मराठी वाचकाने या दोन दृष्टी अनुभवल्या आहेत. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने त्याच्यावरील अन्याय घराघरांत पोहोचवला. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ने त्याच माणसाला भाबडेपणा टाळून जोखले. दोन्ही पुस्तके हवीत, कारण सूतपुत्र म्हणून झालेली अवहेलना खरी आहे आणि द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून काढलेले शब्दही खरे आहेत. पहिले सत्य दुसऱ्याला पुसून टाकीत नाही, आणि महाभारतकाराने ते पुसूही दिलेले नाही.

अ‍ॅनिमेशन मालिकांच्या लेखकाकडून म्हणून अपेक्षा एवढीच आहे. खलपात्राला कारण द्यावे, पण ते कथेच्या अखेरीस जादूच्या किल्लीसारखे काढू नये. लवकर द्यावे, म्हणजे त्यानंतर त्याला निवड करावी लागेल. चुकीची निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला असावे. परतीची वाट त्याला काहीतरी गमावल्याविना मिळू नये. आणि ज्याचे नुकसान झाले त्या पात्राला, नायकाला नव्हे, शेवटचा शब्द द्यावा. तो शब्द नकाराचा असला तरी. मुलांना क्षमा अवश्य शिकवावी. पण ज्या कथेत अपराध्याच्या अश्रूंसाठी वेळ आहे आणि पीडिताच्या मौनासाठी नाही, ती कथा मुलांना क्षमा शिकवीत नाही, विसरणे शिकवते.