जलद ओळीत मूल अडखळतं, तेव्हा आधी बोटं बघा



हल्ली बऱ्याच घरांत कीबोर्ड आलाय. कुणी क्लासला जातं, कुणी मोबाईलवरच्या व्हिडिओ बघून शिकतं. पण तक्रार बहुतेक सगळीकडे एकच ऐकू येते, "सावकाश छान वाजवतो हो, पण जलद ओळ आली की गडबडतो." त्यावरचा उपायही ठरलेला, "अजून वीस वेळा वाजव." यावर माझं मत जरा वेगळं आहे. अशा वेळी बहुधा सराव कमी पडलेला नसतो, तर कोणत्या सुरावर कोणतं बोट ठेवायचं हेच ठरलेलं नसतं. दर खेपेला बोटं वेगळी पडतात. सावकाश वाजवताना ते खपून जातं, कारण पुढचं बोट शोधायला वेळ मिळतो. वेगात तो मिळत नाही. आणि वीस वेळा वीस तऱ्हांनी वाजवल्यावर हाताला पाठ तरी काय होणार?

एक उदाहरण घेऊन बघू. मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा, के. ५४५. हा त्याने १७८८ साली लिहिला आणि स्वतःच्या यादीत 'नवशिक्यांसाठी' अशी नोंद केली. पियानो शिकणारी असंख्य मुलं आजही तो वाजवतात. पण 'नवशिक्यांसाठी' या शब्दावर जाऊ नका. पाचव्या बारपासून उजव्या हाताला भराभर धावायचं आहे. ए, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा, तिथून वरच्या ए पर्यंत चढायचं आणि परत खाली यायचं. एकूण १५ सूर, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. पुढच्या बारमध्ये हेच एक पट्टी खालून, पांढरी पाचपासून. मग चारपासून, मग तीनपासून.

पियानोत अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ म्हणतात. चढताना १ २ ३, मग अंगठा खालून सरकवून १ २ ३ ४ ५. इथवर वाद नाही. उतरताना ५ ४ ३ २ १ झालं की अंगठ्यावरून कोणतं बोट आणायचं? स्केल शिकलेलं मूल सवयीने तिसरं आणतं, ३ २ १. बारपुरतं बघितलं तर बरोबरच आहे. पण आता अंगठा पांढरी सहावर आहे, आणि पुढचा बार पांढरी पाचवर अंगठ्यानेच सुरू करायचा आहे. म्हणजे अंगठ्याने शेजारच्या पट्टीवर उडी मारायची. सावकाश वाजवताना ही उडी कळतही नाही. वेगात मात्र प्रत्येक बारच्या सांध्यावर तिथेच अडखळणार. आपण म्हणणार, "लक्ष नाही."

आता त्याच जागी तिसऱ्याऐवजी चौथं बोट आणून बघा. ४ ३ २ होतं, आणि पांढरी पाचसाठी अंगठा आयता मोकळा! बाकी सगळं तेच. म्हणून मी म्हणते, बोटं ठरवताना सुरुवातीपासून पुढे जाऊ नका. हात शेवटी कुठे पोचायला हवा ते बघा आणि तिथून उलटं मागे या. आपण गणितात उत्तरावरून ताळा घेतो ना, तसंच.

आणखी एक. बोटं ठरवायची शांतपणे, पण तपासायची वेगात. अख्खी ओळ नको, सांध्याच्या आजूबाजूचे फक्त चार-पाच सूर खऱ्या वेगाने वाजवून बघायचे. सावकाश सोपी वाटणारी बोटं वेगात गुंततात. हे दोन आठवड्यांनी कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. पटलं की पेन्सिलीने आकडा लिहायचा, तोही फक्त हात सरकतो तिथे. प्रत्येक सुरावर आकडा लिहिला तर मूल आकडेच वाचत बसतं. (पेननी लिहू नका, बदलावं लागतंच कधीतरी.)

मग पुस्तकात छापलेल्या आकड्यांचं काय? ते बहुतेक वेळा संगीतकाराचे नसतात, नंतरच्या संपादकाचे असतात, आणि संपादकाचा हात मोठ्या माणसाचा. नऊ वर्षांच्या मुलीला अंगठ्यावरून चौथं बोट आणणं अवघड जाऊ शकतं. तिने ३ २ १ घेऊन अंगठ्याची छोटी उडी नीट बसवली तरी माझी हरकत नाही. फक्त ते ठरवून केलेलं असावं. द बुसीने १९१५ च्या आपल्या एत्यूदमध्ये बोटांचे आकडे मुद्दामच दिले नाहीत. प्रत्येकाचा हात वेगळा, ज्याने त्याने शोधावं, असं त्याचं म्हणणं. पण ते पट्टीच्या वादकांसाठी. आपल्या मुलांना एवढं मोकळं सोडलं तर ती गोंधळतील. म्हणून माझा मधला मार्ग असा, की शिक्षकाने दोन पर्याय वाजवून दाखवावेत आणि निवड मुलाला करू द्यावी. स्वतः निवडलेलं मुलं विसरत नाहीत, हे आपण वर्गात रोज बघतो.

मोबाईलवरच्या त्या वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या व्हिडिओंबद्दल माझी तक्रार इथेच आहे. कोणती पट्टी दाबायची ते त्या दाखवतात, कोणत्या बोटाने ते नाही. मूल दोन बोटांनी गाणं 'काढतं', घरचे टाळ्या वाजवतात, आणि जलद जागा आली की सगळं अडतं. मग "याची बोटंच जड आहेत" असा शिक्का बसतो. असे शिक्के लागलेली मुलं कीबोर्डवर कापड टाकून मोकळी होतात.

पेटी शिकणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे. भाता डाव्या हातात, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर, आणि पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच. अलंकार दुगुनीत नेताना हाच अंगठ्याचा घोळ होतो.

पालकहो, तुम्हाला नोटेशन येत नसेल तरी चालेल. आज संध्याकाळी मुलाशेजारी बसा. ती अडणारी ओळ दोनदा वाजवायला सांगा. सूर ऐकू नका, फक्त अंगठ्यावर नजर ठेवा. दोन्ही वेळा तो त्याच पट्ट्यांवर पडला का, एवढंच बघा. नसेल पडला, तर "अजून वीस वेळा" म्हणण्याआधी पेन्सिल हातात द्या.