दहावा रुपया

आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. मोठ्या कढईत म्हशीचे दूध ओततात आणि ते घट्ट होईपर्यंत माणूस घाम गाळीत एकसारखा घोटत राहतो. साधारणपणे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. बाकीचे दूध कोठे गेले, असे एखाद्या लहान मुलाने विचारले, तर भट्टीवाला वर जाणाऱ्या वाफेकडे बोट दाखवील. हिशेब उघड आहे. मुलांनो, आज मला तुम्हांला अशा एका व्यवहाराविषयी सांगावयाचे आहे की, ज्यात दहा रुपये घातले तर नऊच बाहेर येतात. आणि दहावा कोठे गेला, हे विचारण्याचे भान कोणालाच राहत नाही. तो व्यवहार म्हणजे जुगार.

जुगार ही आजची गोष्ट नव्हे. ऋग्वेदात एका जुगाऱ्याचे दुःख सांगणारे सूक्त आहे, आणि द्यूतात पांडवांचे काय झाले हे तुम्ही जाणताच. परंतु तुमच्या आजोबांच्या काळी महाराष्ट्रात गावोगाव पसरला तो मटका. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सकाळी काय भाव निघाला आणि सायंकाळी काय भाव राहिला, याचे आकडे मुंबईस येत असत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते आकडे येणे बंद झाले. तेव्हा हा धंदा चालविणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. शून्यापासून नवापर्यंतचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून ते मडक्यातून काढू लागले, आणि मडक्यावरून खेळाला मटका हे नाव पडले. कापूस गेला, बाजार गेला, खेळ मात्र चालूच राहिला!

आता पाटीवर हिशेब मांडू. मडक्यात दहा आकडे आहेत. ज्याचा आकडा लागेल, त्यास एका रुपयाचे साधारणपणे नऊ रुपये मिळत. समजा, दहा जणांनी दहा निरनिराळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला. गोळा झाले दहा, वाटले नऊ. दहावा रुपया मडकेवाल्याच्या खिशात गेला. आकडा कोणताही येवो, त्याचे काही बिघडत नाही. "चार दिवस सात आलेला नाही, आज येणारच," असे खेळणारा छातीठोकपणे सांगतो. पण मडक्याला कालचे काही आठवत नसते. सात येण्याचा संभव कालही दहात एक होता, आजही तितकाच आहे.

येथे एखादा मुलगा म्हणेल, "गुरुजी, शेती हासुद्धा जुगारच, असे आमचे आजोबा म्हणतात." आजोबांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. आपला मुलूख कमी पावसाचा. पेरलेले हातून गेल्याचे दुःख त्यांनी सोसलेले आहे. तरीही भेद आहे, आणि तो मोठा आहे. बांध घातला, बियाणे नीट निवडले, वेळेवर खुरपणी केली, तर पाऊस तोच असूनही पदरात अधिक पडते. मडक्यापुढे मात्र कोणाचीही मेहनत चालत नाही. शिवाय शेजाऱ्याच्या रानात ज्वारी पिकली म्हणून तुमचे कणीस रिकामे होत नाही. धान्य जगात नवे येते. मडक्यात नवे काही पिकत नाही. एकाने घरी नेले ते इतरांनी गमावलेले असते, आणि तेही पुरते नव्हे.

जुगाराविरुद्ध कायदा नाही, असे नाही. मुंबई इलाख्यात तो १८८७ सालीच झाला होता. तरी त्यानंतर पाऊणशे वर्षांनी मटका फोफावलाच. पुढे हे मडके मोबाईलमध्ये शिरले. रमीचे पत्ते, क्रिकेटचे संघ, रंगीबेरंगी चक्रे अशी त्याची नाना रूपे झाली, आणि नामांकित खेळाडू व नट त्यांच्या जाहिराती करू लागले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. ते योग्यच झाले. परंतु एक दार बंद केले की हा धंदा दुसरे शोधतो, असा कापसाच्या आकड्यांपासूनचा अनुभव आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, दहावा रुपया ओळखावयास शाळेनेच शिकवावे, आणि तेही गणिताच्या तासाला.

वर्गात चाळीस मुले असतील, तर प्रत्येकास दहा चिंचोके द्यावेत. डब्यात दहा चिठ्ठ्या टाकाव्या. दर खेपेस प्रत्येकाने एक चिंचोका लावावा, जिंकणाऱ्यास नऊ द्यावेत, आणि दहा खेपांनंतर सगळ्यांचे चिंचोके मोजावेत. सरासरीने वर्गातून सुमारे चाळीस चिंचोके डबेवाल्याकडे जातात. एखाद्या वेळी पुष्कळ कमी, एखाद्या वेळी पुष्कळ अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. ज्याला लागोपाठ दोनदा लागले, तो बाकावर उभा राहून ओरडेल; हरलेले मात्र गप्प बसतील. गावातही असेच होते. जिंकल्याची वार्ता चावडीपर्यंत जाते, हरल्याची घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. "शाळेत जुगार शिकविता काय?" असे काही पालक रागाने विचारतील. त्यांना चिंचोके मोजावयास बोलवावे.

मात्र एवढ्याने सगळे साधेल, असे मी म्हणणार नाही. सोळाव्या शतकात इटलीत कार्डानो नावाचा वैद्य व गणिती होऊन गेला. फाशांच्या खेळातील संभव मोजणाऱ्या पहिल्या काही विद्वानांत त्याची गणना होते. तरीही कित्येक वर्षे त्याचा जुगार सुटला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. गेलेले परत मिळवू, या एका विचारापुढे उत्तम गणितही लटके पडते. धर्मराजाने तरी दुसरे काय केले?

म्हणून हिशेबाबरोबर आणखी एक सोय हवी. कोणी मुलगा वहीसाठी दिलेले दहा रुपये अशा खेळात घालवून घरी आला, तर त्याच सायंकाळी ते आईला, काकांना किंवा गुरुजींना सांगता आले पाहिजे. त्याला रागे जरूर भरावे, पण अगोदर त्याचे सगळे ऐकून घ्यावे. मार बसेल या भयाने गप्प राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मित्राकडे वीस रुपये उसने मागत असतो.