पर्यायाची जागा

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वजण ‘पर्यायी वस्तू’ शिकलो आहोत. चहा महागला की गिऱ्हाईक कॉफीकडे वळते, एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु पर्याय आपोआप उगवत नाही, त्याच्यासाठी जागा राखावी लागते. हौशी लोक घरी जुळवतात त्या मेकॅनिकल कीबोर्डात ही गोष्ट चांगली दिसते.

या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो आणि सर्व स्विचांची खबर घेणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड असतो. स्पार्कफन कंपनीचा ‘प्रो मायक्रो’ त्यासाठी रूढ झाला. त्याला दोन्ही बाजूंस बारा-बारा अशा २४ पिना असतात. मात्र तो तारेवरच चालतो. पुढे ‘नाइस नॅनो’ आला. त्यावर नॉर्डिक कंपनीची एनआरएफ ५२८४० ही ब्लूटूथ चिप आहे, पण पिनांची मांडणी जुनीच ठेवली. त्यामुळे जुन्याच भोकांत बिनतारी बोर्ड बसू लागला. आता त्याच चिपचे, त्याच मांडणीचे ‘सुपरमिनी’सारखे स्वस्त बोर्डही मिळतात.

माझ्या मते खरे मोल त्या ठरलेल्या मांडणीचे आहे. एखादा बोर्ड बाजारातून संपला तरी स्विच, पेटी आणि मेहनत वाया जात नाही. ‘झेडएमके’ या मोफत व खुल्या फर्मवेअरमध्येही बोर्डाची माहिती वेगळी आणि कीबोर्डाची वेगळी ठेवतात. बोर्ड बदलला की त्याचे नाव बदलून फर्मवेअर पुन्हा तयार करायचे. आपण ठरवलेली बटणांची रचना तशीच राहते. अशा ठिकाणी मक्तेदारी टिकणे कठीण!

तथापि, स्वस्त ते सर्व पर्याय नव्हेत. सीड कंपनीच्या ‘शाओ’ बोर्डावर चिप तीच, पण कामाच्या पिना ११. ‘कॉर्ने’ या दोन भागांच्या कीबोर्डात एका भागात २१ बटणे असतात. ४ ओळी आणि ६ स्तंभ मिळून १० पिना पुरतात. म्हणजे हिशेब जुळतो, पण भोके जुळत नाहीत. मध्ये जोडपट्टी घालावी लागते. शिवाय बॅटरीच्या तारा उलट जोडल्या तर बोर्ड जळू शकतो, आणि कीबोर्ड झोपेत असताना बोर्ड किती वीज खातो हेही पाहावे लागते. दहा रुपये वाचवून रोज चार्जिंग करीत बसणे हा काही नफा नव्हे. तारेचा कीबोर्ड नीट चालत असेल, तर तो बदलण्याचीही घाई नको.

हाच न्याय आपल्या दोन भाषांना लागू पडतो. कीबोर्ड अक्षर पाठवीत नाही, बटणाचा क्रमांक पाठवितो. अक्षर संगणक ठरवितो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी ठरविली, तेव्हा भारतीय लिप्यांना एकच क्रम दिला. इंग्रजी ‘के’च्या बटणावर मराठीचा क आहे आणि कन्नडचाही क तेथेच आहे. एकदा बोटे शिकली की या अंकाचे दोन्ही विभाग त्याच हातांनी टाइप करता येतील. असे असूनही अनेकजण एखाद्या फॉन्टपुरती चालणारी मांडणी शिकतात. फॉन्ट बदलला की मजकुराची रांगोळी होते आणि शिकलेले हातही फुकट जातात.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, संगणक कक्षात दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांना इनस्क्रिप्ट एकत्र शिकवावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आणि विद्यार्थी मित्रहो, बोर्ड असो की फॉन्ट, पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : हे उद्या मिळेनासे झाले, तर याच्या जागी दुसरे काय बसेल?

— बी. कॉम., द्वितीय वर्ष